वरच्या मजल्यावरचा बचावपटू

आमच्या डोक्यावरचं घर गावातल्या आइस हॉकी क्लबने कायमचं भाड्याने घेऊन ठेवलेलं होतं. दर ऑगस्टमध्ये तिथे परदेशातून आणलेला एखादा नवा खेळाडू राहायला यायचा आणि मोसम संपला की एप्रिलमध्ये निघून जायचा. जिन्यात भेटले की हॅलो म्हणायचं, त्यांच्या खिडकीत वाळत घातलेले प्रचंड मोजे बघायचे, एवढाच आमचा संबंध. मी इथे जर्मनीत, गेर्लिंगेनला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते, नवरा श्टुटगार्टला जातो, मुलगी इथल्याच शाळेत. आम्ही मूळचे पुण्याचे. बर्फावरच्या हॉकीशी आमचं काय नातं असणार?

त्या वर्षी कॅनडाचा एकजण आला. पस्तिशीच्या आसपासचा, दारातून येताना किंचित वाकणारा, पुढचे दोन दात खोटे असलेला. बरोबर बायको आणि नुकती चालायला लागलेली मुलगी. क्लबने त्याला दिलेल्या मोटारीवर गावातल्या खाटकाची भलीमोठी जाहिरात रंगवलेली होती, त्यामुळे तो कुठेही गेला तरी अख्ख्या गावाला कळायचं.

पहिल्याच आठवड्यात त्याची बायको आमच्या दाराशी आली. त्यांच्या दाराला कोणीतरी एक पाटी अडकवून गेलं होतं आणि ती काय आहे हे तिला कळत नव्हतं. मी तिला सांगितलं, हिला केअरवोखं म्हणतात, ज्याच्या दारावर पाटी त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा. ती पोट धरून हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग म्हणाली, "सॉरी. बऱ्याच दिवसांत कोणाशी बोललेच नव्हते." मी तिला आत बोलावलं, चहा केला. अशी सुरुवात झाली.

आमच्यात बोलणं अर्थातच इंग्रजीतून व्हायचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे.

त्याची कहाणी मला तुकड्यातुकड्याने कळत गेली. कॅनडाच्या सपाट, गव्हाच्या मुलखातलं लहानसं गाव. थंडी पडली की वडील मागच्या अंगणात पाणी सोडायचे आणि सकाळी त्याचा बर्फ झालेला असायचा. पंधरा-सोळाव्या वर्षी तो घर सोडून दूरच्या शहरात, अनोळखी कुटुंबाकडे राहायला गेला, कारण तिथला संघ चांगला होता. पुढे सगळ्यात मोठ्या लीगमधल्या एका संघाने त्याला निवडलंही. पण तिथे तो जेमतेम काही सामने खेळला. मग बसने फिरणाऱ्या खालच्या लीग, मग युरोप: नॉर्वे, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, आणि आता जर्मनीतली दुसरी लीग.

"मला शहरं आठवत नाहीत," तो एकदा म्हणाला, "पण प्रत्येक स्टेडियमचं छत आठवतं."

"छत का?"

"बर्फावर उताणं पडलं की तेच दिसतं ना."

तो बचावपटू होता. गोल करणं हे त्याचं काम नव्हतं. समोरून सुटलेल्या चकतीच्या, म्हणजे त्यांच्या चेंडूच्या, आड अंग घालायचं, अंगावर येणाऱ्याला कडेच्या भिंतीवर दाबायचं, हे त्याचं काम.

दिवाळीनंतर अप्पा आले, माझे सासरे. पावसाळ्यात सासूबाई गेल्या होत्या आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच टीव्ही लावून बसून राहायचे. तीन महिन्यांचा व्हिसा काढून नवऱ्याने त्यांना इकडे आणलं. कडाक्याच्या थंडीत त्यांना इथे आणून आपण काय साधतोय, असं मला वाटत होतं. पण तरुणपणी अप्पा खडकीला कारखान्यात असताना कारखान्याच्या टीमकडून हॉकी खेळलेले. वर हॉकीवाला राहतो म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं.

"मैदानावरची हॉकी?" ओळख करून दिल्यावर तो कॅनडावाला निरागसपणे म्हणाला. "ती आमच्याकडे मुली खेळतात."

मी हे भाषांतर करून सांगायचं टाळत होते, पण अप्पांना तेवढं इंग्रजी समजत होतं. ते उठले, माझ्या मुलीचा टेनिसचा चेंडू घेतला, आपली चालायची काठी उलटी धरली आणि म्हणाले, "त्याला म्हणावं, खाली चल."

मागच्या पार्किंगच्या फरशीवर, स्वेटरवर स्वेटर आणि माकडटोपी घातलेला माझा सत्तरी ओलांडलेला सासरा काठीच्या मुठीने चेंडू खेळवत उभा राहिला. आणि तो आडदांड माणूस आपली हॉकीस्टिक घेऊन त्यांच्यापासून चेंडू काढायला बघत होता. त्याला जमेना. अप्पा जागचे फारसे हलतही नव्हते, फक्त मनगट फिरत होतं. त्याची बायको वरच्या खिडकीतून ओरडून अप्पांना प्रोत्साहन देत होती. शेवटी तो दोन्ही हात वर करून हसला आणि त्या दिवसापासून अप्पांना 'कोच' म्हणू लागला.

संध्याकाळी सराव नसला की तो खाली यायचा. अप्पा त्याला शेंगदाण्याची चिक्की द्यायचे; खोट्या दातांनी तो ती जपून चघळायचा. लॅपटॉपवर जुने सामने लावून दोघं बसायचे. अप्पांचं मत ठाम होतं: "ही हॉकी नाही गं, मारामारी आहे." पण एकही सामना चुकवायचे नाहीत.

डिसेंबरमध्ये घरच्या मैदानावर एका सामन्यात त्याला मागून धडक बसली. त्याचं हेल्मेट कडेच्या काचेवर आपटलं. आम्ही सगळे स्टेडियममध्ये होतो. तो गुडघ्यांवर उठला, थांबला, मग उभा राहिला आणि स्टिकने बर्फावर टकटक केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या सत्रात तो पुन्हा खेळायला उतरला.

त्यानंतर काही दिवसांनी मी ऑफिसातून आले, तर तो आमच्या दाराशी उभा. हातात किल्ली. ती आमच्या कुलपात घालून फिरवत होता.

"अरे, तुझं घर वर आहे," मी म्हटलं.

"हो, हो," तो हसून म्हणाला. "विचारात होतो." आणि पायऱ्या चढून गेला. पण मी पाहिलं, त्याने कठडा घट्ट धरला होता.

मग तो घरातही काळा चष्मा घालू लागला. मुलगी खेळताना किंचाळली की दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. बायको मला म्हणाली, "मला सांगत नाही. म्हणतो झोप झाली नाही. पण काल त्याने दूध तापवायला ठेवलं आणि बाहेर निघून गेला."

अप्पांनी त्याला सरळ विचारलं, "तुमचा डॉक्टर तपासत नाही का?"

त्याने आनंदाने समजावून सांगितलं. मोसमाच्या आधी सगळ्यांची एक चाचणी होते. कॉम्प्युटरवर आकडे, चित्रं लक्षात ठेवायची, पटापट बटणं दाबायची. पुढे डोक्याला मार बसला की तीच चाचणी परत घेतात आणि आधीच्या गुणांशी ताडून बघतात. "म्हणून आम्ही पहिल्या वेळी मुद्दाम हळू करतो," तो म्हणाला. "पहिल्यांदा मठ्ठ दिसलं की नंतर मठ्ठ झालो तरी कळत नाही."

तो हसला. मी अप्पांकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. ते हसले नाहीत.

जानेवारीत त्याच्या बायकोने हट्ट धरून दुसऱ्या गावातल्या मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली. क्लबच्या माणसांना कळू नये म्हणून दूरची. डॉक्टर वयस्कर बाई होत्या, इंग्रजी अगदी शाळेपुरतं. त्यामुळे दुभाषी म्हणून मी गेले. इथे ब्युर्गरआम्टात, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीत, शाळेत, घरमालकाकडे लोकांसाठी मी कितीतरी वेळा बोलले आहे. मला वाटलं, तसंच काहीतरी असेल.

डॉक्टरबाईंनी त्याला सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालायला सांगितलं. बर्फावर ज्याचा तोल मी इतक्या वेळा पाहिला होता तो माणूस लिनोलियमवर डुलला आणि टेबल धरून उभा राहिला. मग त्यांनी पाच शब्द सांगितले, मी ते इंग्रजीत सांगितले: सफरचंद, खिडकी, घोडा, पूल, चमचा. थोड्या वेळाने इतर गोष्टी विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, आता ते शब्द सांगा.

"सफरचंद," तो म्हणाला. "घोडा."

मग थांबला. आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांकडे नाही, बायकोकडे नाही, माझ्याकडे. शब्द माझ्या तोंडून आले होते ना. परीक्षेत शेजारच्या मुलाच्या पेपरात बघावं तसा तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मी खाली मान घातली. त्याच्या बायकोने पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"त्यांना सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "यापुढे बर्फावर उतरायचं नाही."

मी सांगितलं.

"विचार त्यांना, किती आठवडे?"

"त्या म्हणतात, कधीच नाही."

"हो, पण विचार तर खरं."

मी विचारलं. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "मी म्हटलं ते तुम्ही त्यांना नीट सांगितलंत ना?"

"गेनाऊ, अगदी तेच सांगितलं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. आपल्या तोंडून एखाद्याचं आयुष्य बंद होतंय आणि आपला त्यात शब्दही नाही, ही जाणीव मला त्याआधी कधी झाली नव्हती.

निघताना बायकोने मला डॉक्टरांना विचारायला लावलं, तुम्ही क्लबला कळवाल का? बाईंनी नकारार्थी मान हलवली. श्वाइगेफ्लिष्ट. पेशंटच्या परवानगीशिवाय डॉक्टरने तोंड उघडायचं नाही. परवानगी तो देणार नव्हता.

परतताना मोटारीत तो मागच्या सीटवर डोळे मिटून बसला होता. अर्ध्या वाटेत म्हणाला, "प्लेऑफपर्यंत. मग बघू."

"मी ह्याला ओळखते तेव्हापासून," बायको रस्त्याकडे बघत मला म्हणाली, "दर उन्हाळ्यात अजून एकच वर्ष असतं."

क्लबच्या डॉक्टरला त्याने सांगितलं की आता काही त्रास नाही. कॉम्प्युटरची चाचणी झाली. ती तो पास झाला.

बायकोला कळेना काय करावं. माझ्या स्वयंपाकघरात बसून ती म्हणाली, "तू मॅनेजरला फोन कर. माझ्या वतीने. मला जर्मन येत असतं तर मीच केला असता." मी तिला दोनदा विचारलं, नक्की ना? ती म्हणाली, नक्की. ती समोर बसलेली असताना मी फोन लावला. मॅनेजर सभ्य माणूस होता. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आल्झो, हे बघा बाई, मला त्यांची काळजी कळते. पण तो सज्ञान माणूस आहे. आमच्या डॉक्टरने ठीक म्हटलंय, चाचणी ठीक आहे, तो स्वतः ठीक म्हणतोय. मी त्याला कशाच्या जोरावर बसवू?" थोडं थांबून तो म्हणाला, "मी स्वतः खेळलोय. त्याला बसवलं तर तो दुसऱ्या कुठल्यातरी क्लबात जाऊन खेळेल."

मी हे सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर बोलतोय तो." आणि चहा न पिताच वर गेली.

संध्याकाळी तो खाली आला. मला वाटलं, भांडेल. पण तो अप्पांच्या शेजारी सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "कोच, तुमच्या सुनेने माझी तक्रार केली."

अप्पा बराच वेळ शब्द जुळवत होते. शेवटी मला म्हणाले, "तू सांग त्याला. म्हणावं, माझा गुडघा गेला तेव्हा मी पण खेळ सोडला. माणूस मरत नाही खेळ सोडला म्हणून. हा बघ, मी बसलोय इथे."

मी सांगितलं. तो अप्पांचा हात हातात घेऊन म्हणाला, "कोच, तुमच्याकडे सोमवारी जायला कारखाना होता."

मी ते मराठीत सांगितलं. अप्पांनी नुसती मान डोलावली. मी तर कामावरून नुकतीच येऊन, दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगचा विचार करत कणीक मळत होते. तो काही वेळ बसला. सामना लावला नाही. मग माझ्या मुलीने त्याला दारापर्यंत सोडलं आणि आत येऊन मला म्हणाली, "ममा, देअर इस्ट डोख क्रांक." तो आजारी आहे ना, मग त्याला घरी का नाही ठेवत?

फेब्रुवारीच्या सुरुवातीला घरचा सामना होता. त्याची बायको आली नाही. अप्पा म्हणाले, "मी जाणार. त्याने मला कोच म्हटलंय." म्हणून मी आणि अप्पा गेलो. हॉलमध्ये नेहमीसारखा सॉसेजचा वास, ढोल, गळ्यात क्लबचे मफलर घातलेले म्हातारे. अप्पांनी खिशात हात घातले होते.

तो चांगला खेळत होता. हे मला सांगितलंच पाहिजे. दुसऱ्या सत्रात त्याने एक जोराचा फटका पायावर झेलला आणि लोकांनी त्याच्या नावाचा पुकारा केला.

मग काही मोठं झालंच नाही. कोणी त्याला धडक दिली नाही. चकती दुसऱ्या टोकाला होती, सगळ्यांचं लक्ष तिकडे होतं. तो वळता वळता एकटाच घसरून पडला. लगेच उठला. त्याच्या बदली खेळाडूने बर्फावर उडी मारली, म्हणजे आता याने आपल्या बाकाकडे परत यायचं. आणि तो निघाला समोरच्या संघाच्या बाकाकडे.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग आमच्या पुढच्या ओळीतला एकजण ओरडला, "हे, तिकडे कुठे!" काही लोक हसले. तो शांतपणे सरकत त्या बाकाच्या दारापर्यंत पोचला आणि दार उघडायची वाट बघत थांबला. समोर वेगळ्या रंगाचे कपडे घातलेले पंधरा-वीस खेळाडू. त्यांना काय करावं कळेना. एकाने सवयीने दार उघडलं. तो आत शिरून त्यांच्यामध्ये बसला आणि पाण्याची बाटली उचलून पाणी प्यायला.

शिट्टी झाली. ढोल थांबले.

त्या संघातला एक दाढीवाला, वयाने त्याच्याएवढाच खेळाडू उठला. त्याने वाकून याच्या कानात काहीतरी सांगितलं. याने आजूबाजूला पाहिलं. आपल्या जर्सीकडे, मग शेजारच्याच्या जर्सीकडे. दाढीवाल्याने हातमोजा काढून त्याच्या दंडाला धरलं आणि दोघं बर्फावर उतरले. सगळं मैदान ओलांडून तो त्याला हळूहळू आमच्या बाकापाशी घेऊन आला. लहान मुलाला रस्ता ओलांडून न्यावं तसा. कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळेच वाजवू लागले. मला त्या टाळ्यांचा राग आला, पण दुसरं काय करणार होते लोक?

अप्पा उभे होते. "चल," ते म्हणाले. "मला बघवत नाही." पण ते जागचे हलले नाहीत, त्याला आत नेईपर्यंत उभेच राहिले.

त्यानंतर तो खेळला नाही. आता क्लबचा डॉक्टरही तेच म्हणाला. अप्पांचा व्हिसा संपत आला होता. ते निघाले त्या दिवशी तो काळा चष्मा घालून खाली आला, त्यांची बॅग उचलायला वाकला आणि मध्येच थांबून भिंतीला टेकला. माझ्या नवऱ्याने बॅग घेतली. अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला. हात दंडापर्यंतच पोचला. "टेक केअर," एवढंच म्हणाले. विमानतळाच्या रस्त्यावर नवऱ्याला म्हणाले, "अरे, मला वाटलं होतं मी त्याला समजावीन."

मोसमाच्या शेवटच्या सामन्याआधी त्याचा निरोप झाला. लाल गालिचा, फुलांचा गुच्छ, मुलगी कडेवर. लोकांनी गाणं म्हटलं. त्याने माइक हातात घेतला आणि नुसतं 'डांके', धन्यवाद, म्हणून लगेच परत दिला. बायकोने मला नंतर सांगितलं की त्याने चार ओळी पाठ केल्या होत्या, त्या ऐन वेळी गेल्या. एप्रिलमध्ये ते कॅनडाला परत गेले. रिकामं घर झाडायला मी तिला मदत केली. ती भराभर हात चालवत होती आणि म्हणत होती, तिथे गेलं की सगळं नीट होईल, शांत गाव आहे, त्याचे आईवडील आहेत.

आता काही वर्षं झाली, पण तसं झालं नाही. अगदी वाईटही झालं नाही, म्हणजे तो आहे. ती दाताच्या दवाखान्यात नोकरी करते. तो गाडी चालवू शकत नाही. गावातल्या मुलांना शिकवायचं ठरवलं होतं, पण हॉलमधले दिवे आणि शिट्ट्या त्याला सोसेनात. पहिल्या दिवशीच त्याला बाहेर आणून बसवावं लागलं. काही दिवस चांगले जातात. तेव्हा तो मुलीला शाळेत पायी सोडून येतो, वडिलांबरोबर लाकडं फोडतो. काही दिवस पडदे लावून पडून राहतो. कुठला दिवस कसा जाईल हे आधी सांगता येत नाही.

मागच्या ऑगस्टमध्ये, मुलीच्या उन्हाळी सुट्टीत, आम्ही पुण्याला गेलो होतो. अप्पा आता कमी चालतात. एका संध्याकाळी म्हणाले, "त्याला फोन लाव ना, तिकडे सकाळ असेल." मी व्हिडिओ कॉल लावला. बायकोने उचलला. मागे स्वयंपाकघर, टेबलावर सीरियलचे वाडगे. अप्पांना बघून तिला फार आनंद झाला. मग हळू आवाजात म्हणाली, आज त्याचा दिवस बरा नाही, तो नाही येऊ शकणार.

अप्पांनी फोन हातात घेऊन विचारलं, "जेवतो का?"

"जेवतो," ती म्हणाली.

"झोपतो?"

"झोपतो. खूप झोपतो."

अप्पांनी मान डोलावली. मग फोन माझ्याकडे देत मराठीत म्हणाले, "तिला सांग..." आणि थांबले. ती पडद्यावर वाट बघत होती. मी अप्पांकडे बघत होते.

"काय सांगू, अप्पा?"

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "काही नको," ते म्हणाले. "तूच बोल काहीतरी."

मी तिला विचारलं, तुमच्याकडे आता हवा कशी आहे? ती म्हणाली, गरम. खूप गरम आहे या वर्षी.